धबधब्याच्या विजेचा दाखला

बेकरीसमोर सकाळी सातलाच एवढी माणसं जमली होती की पाव घ्यायला आलेल्यांना पाव मिळेना आणि बघ्यांना उभं राहायला जागा मिळेना. मधोमध एक टेबल, टेबलावर चपलांच्या खोक्याएवढी काळी पेटी आणि पेटीमागे पांढऱ्या सुटातला एक गृहस्थ. पेटीची वायर बेकरीच्या प्लगमध्ये खोचलेली होती. पेटीवर लाल दिवा लागला होता आणि आतून जुन्या इंजिनासारखी घरघर येत होती.

“ऐकलंत? ही तुमची आत्ताची वीज,” गृहस्थ म्हणाला. “कोळशाची. काजळी खाऊन आलेली. हीच पावात उतरते, पावातून पोटात जाते. म्हणून सकाळी अंग जड वाटतं. वाटतं की नाही?”

सकाळी सातला कुणाचं अंग हलकं असतं? चार-पाच माना लगेच डोलल्या.

मग त्याने पिशवीतून काचेची चौकट काढली. चौकटीत सोनेरी किनारीचा कागद, त्यावर धबधब्याचं चित्र आणि मोठा शिक्का. “हा उगमाचा दाखला. माणसाला जसं कूळ असतं, तसा विजेला उगम असतो. सीमेपलीकडे डोंगरात धबधबा आहे. त्या धबधब्याची वीज आता या बेकरीच्या नावावर झाली.” एवढं म्हणून त्याने चौकटीचा कोपरा पेटीला हलकेच टेकवला.

लाल दिवा विझला आणि हिरवा लागला. घरघर थांबली आणि पेटीतून पाणी कोसळल्याचा आवाज यायला लागला.

बेकरीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. एक म्हातारा म्हणाला, हवेत गारवा आल्यासारखं वाटतंय. तो सावलीत सरकला होता, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

गर्दीच्या मागे दोन पावांसाठी ताटकळत फ्यूजताई उभी होती. गावाबाहेरच्या विजेच्या उपकेंद्रात ती ऑपरेटर होती. गल्लीत कुणाचाही फ्यूज उडाला की हाक तिलाच, म्हणून हे नाव चिकटलेलं. ती रोज आठ तास ज्या पॅनलसमोर बसायची, तिथे पाच बाजूंनी वीज यायची, तांब्याच्या एका जाड पट्टीवर एकत्र व्हायची आणि गावभर जायची. त्या पट्टीवरून धबधब्याची वीज वेगळी काढायची, म्हणजे दोघांनी एकाच कपात घातलेली साखर आपापल्या चमच्याने परत काढून घेण्यासारखं होतं. पण त्या गर्दीला हे सांगायला जावं, तर ड्युटीला उशीर झाला असता. ती पाव न घेताच गेली.

महिनाभरात धबधबेसाहेबांनी (हे नाव गावानेच दिलं) गाव जिंकलं. घराघरात मीटरच्या वर चौकट लागली. धबधब्याच्या विजेने कणीक मऊ मळली जाते, केस गळायचे थांबतात आणि मुलांचे पाढे पाठ होतात, असे अनुभव लोक एकमेकांना सांगू लागले. न्हाव्याने तर दुकानावर पाटी लावली: ‘इथे धबधब्याच्या मशीनने केस कापले जातात’.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गावाच्या वरच्या अंगाला वीजकेंद्राचं धुराडं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वर्षभर दारोदार फिरून त्या धुराड्याला गाळणी बसवा म्हणून सह्या गोळा करत होत्या. त्यांना आता सही मिळेना.

“बाई, तो धूर आमचा नाही,” बेकरीवाल्याने त्यांना समजावलं. “आमची वीज धबधब्याची. धूर ज्यांचा असेल त्यांच्याकडे जा.”

“अहो, पण खोकला तुमचाच आहे ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तो जुन्या विजेचा. हळूहळू उतरेल.”

फ्यूजताईच्या घरीही तेच. आईला दम्याचा त्रास. दोन वेळा औषधाचा पंप ओढायचा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण चौकट लागली तशी आईने पंप टेबलाच्या खणात टाकला.

“अगं, तू रोज पॅनलसमोर बसतेस, तुला कळायला हवं,” आई म्हणाली. “वीज शुद्ध झाली की हवा शुद्ध. मला कालपासून बरं वाटतंय.”

“काल तू दिवसभर माडीवर चढली नाहीस, आई. म्हणून बरं वाटतंय.”

“तुझी सवयच आहे, कुणाचं चांगलं झालं की खोट काढायची.” एवढं बोलताच आईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत ती भिंतीला धरून उभी राहिली आणि नंतर डोळे पुसत म्हणाली, “हे जुनं निघतंय.”

फ्यूजताईला हसू आलं नाही. तिने आईला पाणी दिलं आणि राग गिळायला काहीतरी काम हवं म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन मीटरचा सैल स्क्रू आवळायला गेली. हात चौकटीच्या खालच्या कोपऱ्याजवळून गेला आणि स्क्रूड्रायव्हर कुणीतरी ओढावा तसा सुटून चौकटीला चिकटला.

चौकटीच्या त्या कोपऱ्यात चुंबक दडवलेलं होतं. उपकेंद्रातल्या पॅनलच्या दारालाही असंच चुंबक होतं आणि आत चुंबकावर चालणारा बारीक स्विच. दार उघडलं की चुंबक दूर जायचं आणि भोंगा वाजायचा. पेटीत तोच स्विच असणार. तिने ओळखलं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. कारण दुसरी एक गोष्ट तिला खात होती: दाखल्यावरचा नंबर. तिने शेजारी जाऊन बघितलं, मग त्यांच्या शेजारी. अख्ख्या गल्लीला एकच नंबर होता.

असे दाखले खरोखर असतात, हे तिला माहीत होतं. धबधब्यावर, वाऱ्यावर, उन्हावर ठरावीक वीज तयार झाली की नोंदणी कार्यालय तिला एक नंबर देतं. तो नंबर जो घेतो, त्याच्या नावावर तो एकदा खर्ची पडतो आणि मग कायमचा रद्द होतो. सीमेपलीकडचा माणूसही तो घेऊ शकतो. मात्र नंबर एकाचाच. तिने पलीकडच्या नोंदणी कार्यालयाला सरळ पत्र लिहिलं: या नंबराचं काय झालं, कळवा.

अठरा दिवसांनी उत्तर आलं. त्याच आठवड्यात नगरमंडळाच्या सभागृहात गावसभा ठरली. विषय एकच: गाव आता शुद्ध विजेवर आहे, सबब धुराड्याविरुद्धचा अर्ज मागे घ्यावा.

सभेला पेटी आली होती, साहेब आले होते आणि आई पहिल्या रांगेत होती. मंचावर डाव्या हाताला डॉक्टरीणबाई एकट्या बसल्या होत्या. साहेबांनी चौकट टेकवली, हिरवा दिवा लागला आणि धबधबा कोसळू लागला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

“ही पलीकडच्या डोंगरातली ऊर्जा,” साहेब डोळे मिटून म्हणाले. “सीमा ओलांडून, तारांतून धावत, थेट तुमच्या...”

बरोबर अकराला वीज गेली. पंखे थांबले, माईक बंद पडला, दिवे विझले. उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल बदलायचं होतं. आठ दिवसांपूर्वी तशी नोटीस चौकाचौकात लागली होती, पण नोटीस वाचणारं गाव असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

त्या शांततेत एकच आवाज राहिला. पेटीतला धबधबा धो धो वाहत होता आणि हिरवा दिवा झगझगीत जळत होता.

“साहेब,” फ्यूजताई मागून म्हणाली, “गावातली वीज गेली. हा धबधबा कशावर चाललाय?”

साहेबांनी घाईने पेटीची वायर उपटली. धबधबा थांबेना. दुसऱ्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं.

“साठवलेली शुद्धता आहे ती,” साहेब म्हणाले.

“तिला आम्ही बॅटरी म्हणतो.” ती मंचावर गेली, चौकट उचलून बाजूला ठेवली. धबधबा बंद, घरघर सुरू, दिवा लाल. मग तिने खिशातून फ्रिजच्या दारावरचं वांग्याच्या आकाराचं चुंबक काढून पेटीला टेकवलं. हिरवा दिवा, धबधबा. “ही वांग्याची वीज. हिच्यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही.”

सभागृह हसलं, पण बेकरीवाला हसला नाही. “पेटी खोटी असेल,” तो उठून म्हणाला, “पण दाखला तरी सरकारी आहे ना?”

“दाखला खरा आहे. म्हणून तर फसलो,” ती म्हणाली आणि पत्र वाचून दाखवलं. नंबर खरा होता. पण पलीकडच्या एका चॉकलेटच्या कारखान्याने तो दोन वर्षांपूर्वी आपल्या नावावर वापरला होता आणि तेव्हाच तो रद्द झाला होता. साहेबांनी रद्द झालेल्या कागदाच्या प्रती काढून घरोघर विकल्या होत्या. पलीकडची वही इकडे कुणी उघडत नाही, यावर त्यांचा सगळा धंदा उभा होता.

“म्हणजे आपण ज्या विजेवर जगतोय,” न्हावी सावकाश म्हणाला, “ती चॉकलेटवाल्यांनी कधीच खाल्ली?”

“आणि नंबर अस्सल असता तरी तुमच्या तारेत धबधबा आला नसता,” फ्यूजताई म्हणाली. “कुठेतरी तेवढी स्वच्छ वीज झाली, त्याचं श्रेय तुमचं, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या महिन्यातल्या सीमेवरच्या लाईनच्या नोंदी मी रोज लिहिल्यात. वीज तिकडून इकडे आली नाही, इकडून तिकडे गेली. आपला कोळसा जळला, वीज त्यांना गेली, त्यांचा वापरलेला कागद आपल्या भिंतीवर आला आणि धूर तेवढा आपल्याकडे राहिला.”

साहेब पेटी काखेत मारून मागच्या दाराने निघाले होते. दाराशी त्यांना दोघांनी अडवलं. वांगं पेटीला चिकटलेलंच होतं आणि धबधबा अजून वाहत होता, त्यामुळे लपणं अवघडच होतं.

एवढ्यात बेकरीवाला पुन्हा म्हणाला, “पण ताई, तुझ्या पत्रावर तरी विश्वास का ठेवायचा? तूच छापलं नसशील कशावरून?”

फ्यूजताईला पेटी उघडी पाडताना झाला नव्हता, एवढा आनंद या प्रश्नाने झाला. “नका ठेवू,” ती म्हणाली. “पत्ता वर आहे. तुम्ही लिहा.”

बेकरीवाल्याने खरंच लिहिलं. आणखी अकरा जणांनी लिहिलं. बाराही उत्तरं सारखीच आली आणि मग डॉक्टरीणबाईंच्या अर्जावर सह्यांना कागद अपुरा पडला. गाळणी अजून बसलेली नाही. पण वीजकेंद्राच्या माणसांना दर सोमवारी लोकांसमोर येऊन तारीख सांगावी लागते, आणि गेल्या वेळी काय सांगितलं होतं, हे लोक त्यांना वाचून दाखवतात.

आई मात्र दोन दिवस लेकीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने खणातून पंप काढून टेबलावर आपटला.

“हा तरी खरा आहे कशावरून?”

फ्यूजताईने दवाखान्यातून फुंकायची नळी आणली. जोराने फुंकलं की तिच्यावरचा काटा आकडा दाखवतो; आकडा जेवढा मोठा, तेवढी छाती मोकळी. “माझं ऐकू नकोस,” ती म्हणाली. “चार दिवस पंप न घेता फुंक, आकडा लिही. नाहीतरी तू घेतच नाहीयेस. मग दहा दिवस घेऊन फुंक. त्रास वाढला तर मात्र लगेच घ्यायचा. तूच ठरव.”

आईने कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडे लिहिले. एकशे ऐंशी, एकशे सत्तर, एकशे पंचाहत्तर, एकशे सत्तर. पंप सुरू केल्यावर दोनशे दहा, दोनशे चाळीस, दहाव्या दिवशी दोनशे नव्वद. तो आकडा लिहून तिने चष्मा सारखा केला.

“एकदा चुकून आला असेल,” ती म्हणाली आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा दोनशे नव्वद.

आपल्यालाही एवढंच करायचं आहे. समोरचा पांढऱ्या सुटात असो, डॉक्टरच्या कोटात असो किंवा आपलीच लेक असो, त्याने सांगितलं म्हणून मानायचं नाही. त्याला कशावरून म्हणून विचारायचं, आणि उत्तर मिळालं की पुन्हा एकदा फुंकून बघायचं.