भोंग्याची किल्ली

नदी आठवडाभर फुगलेली होती, तरी मतदान ठरल्या दिवशीच होतं. पुलाशेजारच्या पूर नियंत्रण कक्षात ती सकाळपासून दुर्बीण घेऊन बसली होती आणि तिचा जीव दोन ठिकाणी टांगलेला होता. एक पुलाच्या खांबावर रंगवलेल्या लाल रेघेवर, दुसरा पलीकडच्या काठावरच्या शाळेत. पाणी रेघेला टेकलं की तिनं भोंगा वाजवायचा, आणि खालच्या वस्तीनं हातातलं टाकून टेकडी गाठायची. तेवढ्यासाठीच ती नोकरीला होती. आणि वस्तीच्या त्या शाळेत, मतदानाच्या रांगेत, तिच्या सासूबाई उभ्या होत्या. कडेवर तिची तान्ही लेक.

"तिला घरी नाही का ठेवता येणार, आई?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"ठेवते की. कपाटात ठेवू की फळीवर?" सासूबाई म्हणाल्या. "तू तिकडे, तुझा नवरा बचावाच्या होडीवर. आणि मत दिल्याशिवाय मी काही परत जायची नाही. तू पाण्यावर लक्ष ठेव, मी पोरीवर ठेवते."

दुपारी साहेबांचा फोन आला.

"बाई, भोंगा वाजवून टाका."

तिनं झटकन दुर्बीण लावली. रेघ कोरडी होती, पाणी चांगलं हातभर खाली.

"साहेब, पाणी खाली आहे."

"सावधगिरी म्हणून वाजवा. वरून सांगणं आलंय."

"वरून म्हणजे धरणावरून?"

"ते तुम्हाला काय करायचंय?" साहेब म्हणाले, आणि तेवढ्यावरूनच तिला काय ते कळलं. खालची वस्ती सत्तेतल्यांना मत देत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. भोंगा वाजला की रांग मोडणार, शाळा ओस पडणार, आणि लोक टेकडी उतरून येईस्तोवर मतदानाची वेळ संपलेली असणार. वर पुन्हा पुराचे दिवस. काळजी घेतली म्हणून कोण कुणाला नावं ठेवतो?

तरी खात्री नको का? तिनं धरणावर फोन लावला.

"दरवाजे कालच्याइतकेच उघडे आहेत," तिकडची बाई म्हणाली. "का गं, पाणी वाढलं का?"

"पाणी नाही वाढलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं साहेब स्वतःच आले. छत्री दारात आपटली आणि हात पुढे केला. "किल्ली द्या." भोंग्याच्या पेटीची किल्ली तिच्या गळ्यात दोऱ्याला असायची.

ती उठली नाही.

"अहो, तुमची मुलगी आहे ना तिथे? जरा आईच्या काळजानं विचार करा."

हे मात्र तिला झोंबलं. सकाळपासून ती दुसरं करत काय होती?

"त्याच काळजानं सांगते, साहेब. आज खोटा वाजवला, आणि उद्या अपरात्री खरंच पाणी आलं, तर लोक भोंगा ऐकतील आणि कूस बदलून झोपतील. त्यांत माझी लेक असेल. तुमचं घर टेकडीवर आहे."

"मला शिकवू नका. किल्ली."

"घ्या की." तिनं दोरा गळ्यातून काढला आणि किल्लीसोबत वस्तीतल्या कर्ण्यांचा माइकही त्यांच्यापुढे सरकवला. "पण भोंग्यानंतर पाणी कुठवर आलंय ते सांगावं लागतं. एरवी ते मी सांगते. आज तुम्ही सांगा, स्वतःचं नाव घेऊन."

अंगावर पाल पडावी तसे साहेब माइकपासून मागे सरले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हो, हो, बघतोय," म्हणत ते जिन्याकडे गेले.

तिनं दुर्बीण उचलली. शाळेसमोर मोटारसायकलवरचे दोघे टेकडीकडे हातवारे करत ओरडत होते. रांगेचं शेपूट हलू लागलं होतं. दोनचार छत्र्या टेकडीच्या वाटेला लागल्यासुद्धा.

तिनं लाल रेघ पुन्हा एकदा पाहिली, किल्ली गळ्यात अडकवली आणि माइक चालू केला.

"पूर नियंत्रण कक्षातून बोलतेय. पाणी लाल रेघेच्या हातभर खाली आहे. धरणाचे दरवाजे कालच्याइतकेच उघडे आहेत. भोंगा वाजलेला नाही. पाण्यावरची नजर मी हलवणार नाही. वाढलं, तर भोंगा मीच वाजवीन."

रांगेबद्दल ती अक्षर बोलली नाही. ते तिचं काम नव्हतं.

वाटेला लागलेल्या छत्र्या थांबल्या. मग एकेक करून मागे वळल्या.

साहेब जिन्यात उभे राहून ऐकत होते. "उद्या या खुर्चीवर तुम्ही नसाल," ते तिच्या खिडकीपुढे येऊन म्हणाले.

"उद्याचं उद्या. आज ड्यूटी माझी आहे. उजेडात उभे आहात साहेब, बाजूला व्हा, खांब दिसत नाही."

फोन वाजला. सासूबाई.

"अगं, किती मोठ्यानं बोलतेस? आत्ता कुठे झोपवली होती तिला."

"आई, तुम्ही अजून रांगेतच?"

"मग? जाणार कुठे? पुढे आठ माणसं राहिलीत. तू फोन ठेव आणि पाणी बघ."

ती पाणी बघू लागली.