टेबलावरची दोन भुतं

"बोट उचलू नकोस गं. आहे तिथंच ठेव."

"ठेवलंय. अहो, कुकरची तिसरी शिट्टी झाली."

"होऊ दे की. भात काय पळून जातोय?"

मालन एक बोट काचेवर टेकवून बसून राहिली. समोरच्या बाजूला तिच्या नवऱ्याने, कुंडलिकने, आपलं बोट टेकवलं होतं. वर्तकनगरच्या त्या लहानशा ब्लॉकमध्ये घरचा रंगीत टीव्ही एका पेटीत आढ्याकडे तोंड करून झोपवलेला होता. त्याच्यावर काच, आणि काचेभोवती कॅरमला असते तशी लाकडी चौकट. मालिका बघायला मालन शेजारच्या केशरबाईंकडे जायची आणि केशरबाई दर वेळी विचारायच्या, "का गं, तुमचा टीव्ही अजून अंथरुणालाच का?"

बोटांखाली दोन पांढरे ठिपके उमटायला हवे होते. उमटले चार.

"आली," कुंडलिक म्हणाला. "आली परत भुतं."

वागळे इस्टेटमधल्या दाजीशेठच्या शेडमध्ये कुंडलिक यंत्रांची बटणं बसवलेली पॅनेलं तयार करायचा. त्याच्या डोक्यात मात्र गेली कित्येक वर्षं हे टेबल होतं. चार माणसांनी चारी बाजूंनी बसावं, काचेवरच्या चित्राला बोट लावावं आणि चित्राने सगळ्यांचं एकदम ऐकावं, अशी त्याची इच्छा होती. चौकटीच्या आतल्या अंगाला बारीक भोकं होती आणि त्यांतून डोळ्यांना न दिसणारे किरण काचेवरून उभे-आडवे जात. बोट मध्ये आलं की एक उभा आणि एक आडवा किरण अडायचा, आणि ते दोन जिथे एकमेकांना छेदतात तिथे बोट आहे हे टेबलाला कळायचं. एका बोटापर्यंत सगळं ठीक होतं. दोन बोटं ठेवली की दोन उभे, दोन आडवे अडायचे, ते चार जागी छेदायचे, आणि खरी बोटं कुठली हे टेबलाला कळेनासं व्हायचं. मग ते बिचारं चारही जागी ठिपके काढून मोकळं होई. मालन आणि कुंडलिक समोरासमोरच्या कोपऱ्यांवर असले, की उरलेल्या दोन कोपऱ्यांत आणखी दोघं येऊन बसल्यासारखी दिसायची.

"राहू देत की ती," मालन म्हणाली.

"काय राहू देत?"

"ती दोन. आपण दोघंच बसलो तरी चौघं दिसतात. बरं वाटतं."

त्यांच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. डॉक्टर झाले, नवस झाले, नंतर तो विषयही दोघांनी मिळून बंद केला. कुंडलिकने बोट उचललं. त्याच्याकडचा एक ठिपका आणि दोन्ही भुतं एकदम विझली. "कुकर बंद कर," तो म्हणाला.

भुतं जायला वर्ष लागलं. उभ्या-आडव्या किरणांच्या जोडीला तिरपे किरण सोडले तर खोटे ठिपके ओळखता येतील, हे कुंडलिकला सुचलं ते दिवा गावी एका नातेवाइकाकडच्या बारशाला, पंगतीत बसलेला असताना. तो जिलबी अर्धी टाकून उठला आणि मालनने नातेवाइकांची बोलणी खाल्ली. तिरपी भोकं पाडून दिली नौपाड्याच्या धोंडीबा सुताराने. धोंडीबा जन्मभर कॅरमबोर्ड बनवत आला होता आणि चौकटही त्यानेच केली होती. हे टेबल म्हणजे विजेवर चालणारा कॅरमच आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. कुंडलिकने ती दूर करायचा प्रयत्न दोनदा केला आणि सोडून दिला.

त्या संध्याकाळी मालनने बोट टेकवलं, कुंडलिकने टेकवलं. दोनच ठिपके उमटले. कुंडलिक लहान मुलासारखा ओरडला, "गेली! मालन, गेली बघ!"

"बरं झालं," मालन म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आनंदाच्या भरात कुंडलिकच्या ते लक्षातही आलं नाही.

दाजीशेठने गिऱ्हाईक आणलं. नव्या शहरांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीचे साहेब. "हे बघ कुंडलिक," दाजीशेठ म्हणाला, "त्यांनी घेतलं तर आपण अशी टेबलं बनवू. नाही घेतलं तर हा नाद संपला. मग मला विचारायचं नाही." बोलला ते सरळ मनाने बोलला. इतकी वर्षं शेडमधलं सामान आणि एक कॉम्प्युटर त्याने कुंडलिकला घरी नेऊन वापरू दिला होता.

ऑक्टोबरचा उकाडा होता. शेडच्या पत्र्याखाली सगळे घामाने निथळत होते. टेबलावर एका गावाचा नकाशा होता आणि रस्ते, शाळा, दवाखाना हे बोटाने सरकवता येत होतं. साहेबांनी शाळा धरली, दाजीशेठने तलाव, कुंडलिकने रस्ता. टेबल पोचवायला आलेल्या धोंडीबालाही कुंडलिकने हाताला धरून चौथ्या बाजूला उभं केलं आणि दवाखाना दिला. चारही वस्तू एकदम सरकल्या. चार माणसं एका काचेवर, आणि काच चौघांचंही ऐकत होती.

"बोट चिकटतंय हो काचेला," साहेब म्हणाले.

"घामानं धरतीया," धोंडीबा म्हणाला. "थांबा साहेब, आत्ता सरकंल."

कुंडलिक रुमाल शोधायला वळला. तेवढ्यात धोंडीबाने खिशातून डबी काढली आणि कॅरमची पावडर काचेवर भुरभुरून तळहाताने चारी कडांपर्यंत पसरवली. जन्मभर प्रत्येक बोर्डावर त्याने हेच केलं होतं. पावडर कडेला गेली आणि भोकांत बसली. किरण जागोजाग अडले. शाळा उडून तलावात गेली, दवाखाना दिसेनासा झाला, आणि काचभर ठिपकेच ठिपके उठले.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. धोंडीबाला काय झालं ते कळलंच नाही. तो आणखी जोराने पुसायला लागला.

गाडीकडे जाताना साहेब दाजीशेठशी बोलत होते. मागून कुंडलिक त्यांची बॅग घेऊन येत होता.

"पावडरचं काही नाही हो, ती झटकता येईल. पण आम्हाला हे नकोच आहे. मीटिंगमध्ये नकाशावर एकाच माणसाचं बोट फिरतं, बाकीचे बघतात. सगळ्यांनीच हात घालायचा म्हटलं तर मीटिंग संपायची कशी?"

कुंडलिकने बॅग गाडीत ठेवली.

सोमवारपासून दाजीशेठने त्याला लिफ्टच्या पॅनेलवर बसवलं. टीव्ही घरी उभा राहिला, पण त्याच्या एका कोपऱ्यात कायमचा जांभळा डाग पडला होता. धोंडीबा दोनदा येऊन रडून गेला. "तुमच्यामुळं नाही हो गेलं," कुंडलिकने त्याला सांगितलं. "त्यांना ते नकोच होतं." धोंडीबाला वाटलं, भला माणूस आहे, आपली समजूत काढतोय. खरं सांगून कुंडलिकलाही बरं वाटलं नाही. पावडरीने गेलं असतं तर पुन्हा करता आलं असतं.

दिवाळीच्या आधी धोंडीबाने ती चौकट मागून नेली. परत आणली तेव्हा तिच्यात काचेऐवजी गुळगुळीत प्लाय होता, चार कोपऱ्यांना जाळ्या होत्या आणि मध्ये लाल-काळी नक्षी. आतल्या अंगाची भोकं त्याने पुट्टी भरून बुजवली होती. एकेक भोक. "पैशाचं नाव काढू नका," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

रविवारी दुपारी मालनने बोर्ड मांडला, सोंगट्या लावल्या, स्ट्रायकर ठेवला. कुंडलिक समोर बसला. तिने नेम धरला आणि त्याने, सवयीने, आपल्या कोपऱ्यात बोट टेकवलं. मालन थांबली. दोघांनीही उरलेल्या दोन कोपऱ्यांकडे पाहिलं.

प्लायवर पावडर पडली होती, बाकी काही नव्हतं.

"अहो, हात काढा," मालन हळूच म्हणाली. "चान्स माझाय."

त्याने हात काढला.