न खाल्लेलं अंडं

ज्याला समुद्र ओलांडायचाच आहे, त्याला जगातली कुठलीही शक्ती अडवू शकत नाही. इंदिरानगरमधले आमचे शेजारी गोटीराम यांना एका अंड्याने अडवलं. तेही खाल्लेल्या नव्हे, न खाल्लेल्या.

गोटीराम गुलाबवाले. गावाकडे त्यांचं अर्ध्या एकराचं पॉलिहाऊस होतं आणि त्यातली फुलं ते एवढ्या प्रेमाने वाढवत, की विकायला काढताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवल्यासारखा व्हायचा. दोन हजार चार साली त्यांना केनियातल्या एका फुलांच्या कंपनीचं बोलावणं आलं. दोन वर्षं तिथल्या बागांवर देखरेख करायची. पगार चांगला होता, पण गोटीरामना त्याचं काही नव्हतं. त्यांना दांडी बघायची होती. तिथल्या गुलाबाची दांडी म्हणे माणसाच्या हातापेक्षा लांब येते. "आपलं खत तेच, पाणी तेच, जात तीच. मग आपली का थांबते?" हा प्रश्न ते मला रोज संध्याकाळी विचारत. मी निवृत्त माणूस, गुलाब फक्त हारात पाहिलेला. पण प्रश्न असा होता की मलाही झोपेत दांड्या दिसू लागल्या.

केनियाला जायचं तर पिवळ्या तापाची लस हवी. हा ताप डासांमुळे होतो, आपल्याकडे नाही, आणि येऊ नये म्हणून आपलं सरकार फार जपतं. लशीचा दाखला नसेल तर परत येताना विमानतळावरूनच उचलून वेगळं ठेवतात. लस प्रवासाला निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची आणि ती मिळते मुंबईत. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: आधी दाखला, मग तिकीट.

गोटीराम आधी कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले. सोबत मी होतो, कारण असल्या ठिकाणी मी असतोच. डॉक्टरांनी टायफॉइडची लस सांगितली, मलेरियाच्या गोळ्या सांगितल्या, पाणी उकळून प्या म्हणाले. गोटीराम मान डोलवत होते. मग डॉक्टरांनी विचारलं, "अंड्याची अ‍ॅलर्जी?"

"माहीत नाही."

"खाल्ल्यावर कधी अंगावर पुरळ? ओठ सुजले? धाप लागली?"

"खाल्लंच नाही."

"कधीच?"

गोटीरामनी शर्टाच्या आतली तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. "दात यायच्या आधी वडलांनी घातली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पिवळ्या तापाच्या लशीला अंड्याची अ‍ॅलर्जी चालत नाही. आता खाल्लंच नाही तर अ‍ॅलर्जी आहे की नाही, कळणार कसं?"

"ते तुम्ही सांगायचं ना?"

"मुंबईत विचारतील, तेव्हा खरं ते सांगा. आणि केकबिकातून नकळत कधी पोटात गेलं असेल तर आठवून ठेवा, उपयोग होईल. पण प्रयोग म्हणून घरी ऑम्लेट करून बघू नका, सांगून ठेवतो."

दवाखान्याबाहेर गोटीराम बराच वेळ स्कूटरला टेकून उभे राहिले. चव्वेचाळीस वर्षं ज्या गोष्टीपासून सांभाळून राहिले, ती चुकून घडली असावी अशी आता त्यांना आशा करायची होती. आणि घडली असेल तर माळेचं काय, हा दुसरा प्रश्न होताच.

त्यांची बायको प्रतिभावहिनी व्यवहारी. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी कुलकर्ण्यांच्या नातीच्या वाढदिवसाला यांनी केक खाल्ला होता. दोन तुकडे. दुसरा मागून घेतला होता."

"एगलेस होता तो," गोटीराम घाईने म्हणाले. मग हळूच, "होता का?"

केक द्वारका चौकाजवळच्या लहानूशेठच्या बेकरीतला होता. आम्ही तिथे पोचलो. दुकानावर 'शंभर टक्के शुद्ध शाकाहारी' अशी पाटी, आणि पाटीखाली पाटीएवढेच रुंद लहानूशेठ.

"शेठ, तुमच्या केकात अंडं असतं का हो?"

हा प्रश्न लहानूशेठनी जन्मभर ऐकला असावा. त्यांनी छातीवर हात ठेवला. "एक टरफल दाखवा, शटर खाली ओढतो."

"तसं नाही. एखाद्या वेळी, गर्दीत, घाईत..."

"नाही म्हणजे नाही."

"जरा आठवून बघा ना. आम्ही कुणाला सांगणार नाही."

लहानूशेठच्या डोळ्यांत संशय आला. "तुम्हाला समोरच्या बेकरीवाल्याने पाठवलं का?"

"नाही हो! थोडं तरी असेल. चमचाभर?"

"काका, मी पोरांची शपथ घेतो!"

"नका घेऊ," गोटीराम कळवळून म्हणाले.

पण त्यांनी घेतली. शुद्धतेची एवढी खात्री मिळाल्यावर इतकं उतरलेलं तोंड लहानूशेठनी पूर्वी पाहिलं नसावं. त्यांनी न मागता पाव किलो खारी बांधून दिली. परत येताना सिग्नलला थांबलो असताना गोटीराम म्हणाले, "माणूस फारच प्रामाणिक निघाला." अशा आवाजात, जणू खिसा कापला गेला होता.

आता एकच साक्षीदार उरला. गोटीरामच्या आई, कुसाबाई. वय ऐंशीच्या आसपास, कान ठणठणीत, गावाकडच्या घरी ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत बसलेल्या. गोटीराम समोर मांडी घालून बसले आणि फार लांबून विषयाला आले. लहानपणी मी अशक्त होतो ना आई? खोकला फार होता ना? कुणी काही औषध म्हणून, दुधातून वगैरे...

"आंडं का?" कुसाबाई म्हणाल्या.

सुई थांबली नाही.

"तुला कंचं उत्तर पायजे त्ये आधी सांग. मंग मी आठवते."

"आई, खरं ते सांग."

"खरं लय जुनं झालं रे. तुझ्या खोकल्यावर मी काय काय नाय दिलं! अडुळसा दिला, काढा दिला. शेजारची सगुणाबाई वाटीत काय काय आणून द्यायची, तुझा बाप मळ्यात गेला का. मी इचारत नव्हते, ती सांगत नव्हती. पोरगं खोकायचं थांबलं, संपलं."

"वाटीत काय असायचं?"

"पिवळं," कुसाबाई म्हणाल्या आणि पुढचं फूल ओवलं. "हळद बी पिवळीच असती."

सगुणाबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. शोध तिथेच संपला. पण कुसाबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "मी येते मुंबईला. ह्याला सुई टोचताना पयल्यापासून धरावं लागतं."

अशी आमची चौघांची वरात पंचवटी एक्स्प्रेसने निघाली. मे महिना होता. लसीकरण केंद्रात जहाजावर जाणारी पोरं, आफ्रिकेतले व्यापारी, शिक्षक, सगळे घाम पुसत बसलेले. एका कुपीत अनेकांची लस असते, त्यामुळे पुरेशी माणसं जमेपर्यंत ती फोडत नाहीत. आमची गर्दी पाहून तिथल्या शिपायाला आनंद झाला, पण टोचून घेणारा एकच आहे म्हटल्यावर तो मावळला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. गोटीरामनी सगळं सांगितलं: माळ, केक, लहानूशेठची शपथ, वाटीतलं पिवळं. बाईंनी मध्येच थांबवलं.

"अहो, असे शाकाहारी माझ्याकडे रोज येतात. शंका असेल तर आधी कातडीत थेंबभर टोचून बघतो. सूज आली नाही तर लस. त्यासाठी बेकरीत कशाला गेलात?"

गोटीरामनी प्रतिभावहिनींकडे पाहिलं, त्यांनी पंख्याकडे.

थेंबभर टोचलं. वाट पाहिली. काही झालं नाही. बाई खरी सुई भरू लागल्या, तेव्हा गोटीराम एकदम म्हणाले, "बाई, पण थेंबालासुद्धा का भ्यायचं? म्हणजे लशीत अंडं आहे?"

"कोंबडीच्या अंड्यात वाढवतात ती. किंचित अंश राहतो."

पोटात गेलेलं अंडं आम्ही आठवडाभर शोधत होतो. आता जाणारं अंडं समोर सुईत होतं, आणि त्याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. गोटीराम उठून उभे राहिले. हात माळेवर गेला. मागच्या रांगेतला एक खलाशी म्हणाला, "अंकल, जल्दी करो ना." प्रतिभावहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थेट पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी जाऊन उभा राहिला.

"आई," गोटीराम म्हणाले, "वडील काय म्हणाले असते?"

"तुझा बाप इथवर आलाच नसता. ओझरच्या पल्याड त्यो कधी गेला नाय. पर तू जाऊ नको असंबी कधी बोलला नाय."

"माळेचं काय?"

कुसाबाईंनी लेकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मळ्यात बांध कुठे घालायचा ते पाहावं तसं. "माळ गळ्यात हाय. सुई दंडाला हाय. मधी खांदा हाय." मग जरा थांबून, "तुला ती दांडी बघायची का नाय?"

गोटीरामनी एकदा सुईकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मला वाटलं, आता आम्ही पाचच्या गाडीने परत.

"बघायची आहे," ते शेवटी म्हणाले.

"मंग बस."

ते बसले. बाही वर केली. कुसाबाईंनी दुसरा हात घट्ट धरला. सुई आत गेली आणि बाहेर आली. बाईंनी सांगितलं, अर्धा तास इथेच थांबा, आम्ही लक्ष ठेवतो.

लक्ष आम्हीही ठेवलं. प्रतिभावहिनी ओठांकडे बघत होत्या, कुसाबाई दंडाकडे, मी मानेकडे. खलाशी परत आला, त्याच्या वाट्याला डोळे आले. शिपाईही वाकला. पुरळ उठतंय का, धाप लागतेय का, केनिया आहे का नाही, सगळं त्या एका खुर्चीत ठरायचं होतं. गोटीरामच्या कपाळावर घामाचा थेंब आला. आम्ही आणखी वाकलो. त्यांनी ओठ हलवले. प्रतिभावहिनींचा हात तोंडाशी गेला.

"जरा सरका बरं सगळे," गोटीराम म्हणाले, "पंख्याचा वारा अडतोय."