उगवतीकडे गेलेलं विमान

एकोणऐंशी सालच्या पौषात सिहोऱ्याच्या रंभाबाईच्या जवायाला तार आली: जहाज सुटायचं आहे, विमानानं निघा. तेव्हापासून तिच्या गळ्याखाली घास उतरेना.

जवाई भोजराज अड्याळचा, बायकोसोबत सासुरवाडीला आलेला. मुंबईच्या कोण्या एजंटानं त्याला सैलानी लोकांच्या जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली लावून दिलं होतं. पहिल्या खेपेला तो रेल्वेनं मुंबईला गेला, तिथल्याच बंदरातून जहाजात चढला. आठ महिन्यांनी परत आला आणि रंभाबाईच्या लेकीशी, केशरशी लगीन लागलं. आता म्हणत होता, जहाज दूर ग्रीस देशाच्या बंदरात उभं आहे. हौशी माणसं घेऊन बेटाबेटांना फिरतं आणि पुन्हा त्याच बंदरात येऊन लागतं. तिथं पोचायला नागपूरहून मुंबई एक विमान, मुंबईहून पुढं दुसरं.

रंभाबाईनं हे सगळं मनात घोळून घोळून पाखडलं, हाती फोलच आलं. पाण्यावरच्या नोकरीला माणूस हवेतून कशाला जाईल? आणि तिकीट काढून लोक निघतात ते कुठं तरी पोचायला. निघाल्या जागीच आणून सोडणारं जहाज कोण चालवील?

"जवाईबापू, खरं सांगा," भात वाढता वाढता ती म्हणाली, "कुठंच न जाणाऱ्या जहाजात लोक कायले बसतात?"

"हवा खायले, मामीजी."

"हवा सिहोऱ्यात नाई का?"

तो हसला. ते हसणं तिला घोटून ठेवल्यासारखं वाटलं. बपेऱ्याचा जागेश्वर असाच हसत हसत मिलिटरीत जातो म्हणून गेला होता. पाच वर्षांनी गावातल्या माणसांना तो बालाघाटच्या बाजारात बांगड्या विकताना दिसला, दुसऱ्या बायकोसोबत, कडेवर लेकरू घेऊन.

नवरा परतेपर्यंत सून अड्याळला राहील, म्हणून तिला न्यायला व्याही लक्ष्मणराव सिहोऱ्याला आलेले होते. रंभाबाईनं चारचौघांत सांगून टाकलं, की मी नागपूरला जाते, विमान मुंबईकडे जाताना डोळ्यानं पाहते. खरं निघालं तर लेक खुशाल न्या, नाही तर केशरची पेटी या घरातून उचलायची नाही. लक्ष्मणरावांना ते लागलं, तरी भल्या माणसानं अट मान्य केली.  केशरनं पेटी भरली आणि भिंतीला लावून ठेवली.

रंभाबाई भाऊ कवडूला घेऊन जवायासोबत नागपूरला गेली. धर्मशाळेत रात्र काढून सकाळी सोनेगावच्या विमानतळावर पोचले. भोजराजनं तारेच्या कुंपणाशी तिचे पाय धरले, केशरला जपा म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. रांगेतल्या एका बाईशी तो दोन शब्द बोलला. रंभाबाईनं त्या बाईच्या पातळाचा रंग ध्यानात ठेवला, मोरपंखी.

थंड वारा समोरून येत होता आणि सूर्यही समोरच होता. विमान घरघरत धावलं, उठलं, आणि सरळ सूर्याच्या तोंडावर गेलं.

"बाई," कवडू हळूच म्हणाला, "मुंबई तं मावळतीले आहे. हे उगवतीकडं जाऊन राहिलं."

रंभाबाईनं चार दिवस संशय घेतला खरा. पण तो खरा निघेल, अशी तयारी काळजानं केलीच नव्हती. विडी पेटवायला कवडूनं वाऱ्याकडे पाठ केली आणि काडी ओढत बसला. ती मात्र डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. पदर मागं फडफडत होता. आणि तिला पाण्यानं भरलेली गावची बोडी आठवली, बोडीच्या काठचे बगळे आठवले. बगळा उठतो तो वाऱ्याच्या तोंडावरच उठतो. भाताच्या ज्या बांधीत उतरायचं ती पाठीमागं असली तरी. आधी वारा पंखाखाली घेतो, मग वळतो.

विमान वळलं. दूर, एवढंसं होऊन, पंखावर ऊन लखकन चमकवत ते वळलं आणि मावळतीला गेलं.

कवडूनं विडी पेटवून मान वर केली तेव्हा आभाळ रिकामं होतं. "चाल बाई," तो म्हणाला, "जे पाह्याचं ते पाह्यलं."

आता सांगू, मोटारीत बसल्यावर सांगू, असं ती म्हणत राहिली. मोटारीत कवडूनं शेजारच्याला जवायाची लबाडी सांगितली, शेजारच्यानं पुढच्या बाकाला. भंडारा गेलं, तुमसर गेलं. खिडकीतून कापलेल्या बांध्या मागं पळत होत्या आणि रंभाबाईच्या मनात भलतंच गोड काही शिरत होतं. केशर इथंच, चुलीपाशी बसलेली. केशर तिच्या शेजारी भाताच्या रोवणीच्या ओळीत वाकलेली. तिनं तोंड उघडलं नाही.

अंगणात पाय ठेवताच कवडूनं सांगितलं, विमान उगवतीकडे गेलं. लक्ष्मणराव खाटेवरून उठले. सुनेसमोर उभं राहून, खाली बघत, पोराच्या वतीनं माफी मागू लागले. केशर रडली नाही. ती आत गेली, पेटी उघडली आणि एकेक लुगडं काढून दोरीवर टाकू लागली. पहिलं टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं लग्नातलं होतं. ते हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"केशर," रंभाबाई दारातून म्हणाली, "ठेव ते पेटीत. विमान वळलं होतं मागून. मावळतीले गेलं. मी पाह्यलं."

कवडू तिच्याकडे बघतच राहिला. "मंग मोटारीत काहून नाई बोलली?"

रंभाबाईकडे उत्तर होतं, पण ते व्याह्यासमोर काढण्यासारखं नव्हतं. ती पुढं झाली, दोरीवरची लुगडी ओढली, घड्या घालू लागली. केशर बाजूला सरली. चार दिवस रंभाबाई ज्या नजरेनं जवायाला न्याहाळत होती, त्याच नजरेनं लेक आता आईकडे बघत होती.

रंभाबाईनं मान वर केली नाही. तिनं पेटीची कडी लावली आणि पेटी स्वतःच उचलून व्याह्याच्या पुढ्यात नेऊन ठेवली.