दुप्पट पाणी

आर्डिथने ब्रेक दाबले, पण पुढचं चाक वाळूत आडवं फिरलं आणि ती सायकलसकट सेजच्या झुडपात बसली. मागून येणाऱ्या डेल्फिनाने पाय टेकले.

"लागलं का?"

"लागायला काय झालंय? बसले जरा." आर्डिथने बाहीवरचा पाला झटकला. "या वळणावर मी नेहमीच बसते."

डेल्फिनाने हसू दाबत दूरच्या तांबड्या कड्यांकडे पाहिलं. आर्डिथच्या मुलाशी, वेडशी, लग्न करून ती जूनमध्येच या गावात आली होती. आज वेड कामावर होता आणि सासूने सकाळीच फोन करून विचारलं होतं, "येतेस का? पठारावरून नदीत उतरणारी वाट दाखवते."

आर्डिथ चौसष्ट वर्षांची होती. गावातल्या निम्म्या लोकांना तिनेच या सरकारी माळावर सायकल चालवायला शिकवलं होतं. नकाशा ती कधी बघत नसे. मोबाईलही गाडीतच ठेवून येई.

गुरांच्या फाटकापाशी वाट फुटली. डेल्फिना थबकली. आर्डिथ मात्र मागे न बघता उजवीकडे वळली आणि उतारावर एखाद्या शाळकरी पोरीसारखी ओरडत सुटली.

"माझ्या मागे ये गं! ब्रेक सोड!"

डेल्फिनाने ब्रेक सोडला. जुनिपरच्या बुटक्या झाडांमधून दोघी गेल्या, घसरत, धापा टाकत, मध्येच सायकली खांद्यावर घेत. मग एकाएकी खडक संपला. खाली, खूप खाली, नदीकाठची झाडं पिवळी झाली होती.

"पावसाने वाहून गेली वाटतं वाट," आर्डिथ म्हणाली.

"असेल."

"इथेच होती. अगदी इथे."

डेल्फिनाने कडेला जाऊन खाली पाहिलं. भिंतीसारखा सरळ कडा. त्यावर पाल तेवढी उतरली असती.

आर्डिथने बाटली तोंडाला लावली, हलवून पाहिली आणि गुपचूप जागेवर ठेवली. डेल्फिनाने पाठीवरची पिशवी उतरवली आणि एकामागून एक भरलेल्या बाटल्या बाहेर काढल्या.

"एवढं? तू काय उंट आहेस?"

"वेडने भरून दिल्या. म्हणाला, आईबरोबर जातेस तर पाणी दुप्पट घे."

"का म्हणून?"

डेल्फिना उगाच एका बाटलीचं झाकण घट्ट करत राहिली. "त्याला बाबांनी सांगून ठेवलंय म्हणे. लहानपणीच."

आर्डिथ खडकावर टेकली. तिच्या नवऱ्याला, रॉइसला, जाऊन तीन वर्षं झाली होती. आयुष्यभर तो तिच्या मागे असायचा, पाठीवर ती अवजड पिशवी घेऊन. आमच्या ह्यांना तहान फार, असं ती सगळ्यांना हसून सांगायची. आणि ती कुठे अडली की तो म्हणायचा, चल, आज लांबून जाऊ, घाई कसली आहे?

"म्हणजे मी वाट चुकलेय हे त्याला कळायचं," ती म्हणाली.

"वेड म्हणतो, सगळ्यांनाच कळायचं."

आर्डिथने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली.

"लबाड कुठला! एकदा तरी बोलायचंस!" ती समोरच्या मोकळ्या दरीला म्हणाली. मग सुनेकडे वळली. "आणि तू? फाटकापाशीच कळलं होतं ना तुला?"

"डावीकडे खुणेचे दगड रचले होते."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही इतक्या खुशीत सुटला होतात..." डेल्फिनाने खांदे उडवले. "आणि मलाही ही बाजू बघायची होती."

आर्डिथ पोटभर पाणी प्यायली. दोघी सायकली ढकलत फाटकापर्यंत परत चढून आल्या. ऊन अजून भरपूर होतं. दोन्ही वाटांच्या मधून गुरांची एक पुसट पायवाट झाडीत शिरत होती.

"ही कुठे जाते?" डेल्फिनाने विचारलं.

आर्डिथने उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडी इतके नवे होते की तिचं तिलाच हसू आलं. "आण ती पिशवी इकडे."

"राहू दे, जड आहे."

"आण म्हणते ना."

तिने पिशवी स्वतःच्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि सायकल वाटेतून बाजूला घेतली.

"हं, हो पुढे."