'पात'ला वाचक मिळाले

बदनापूरच्या सत्यशीलाबाई 'पात' नावाचं स्त्री-अभ्यासाचं नियतकालिक चालवतात. खुरपणीत प्रत्येकीच्या वाट्याला पिकाची जी पट्टी येते, ती पात. नियतकालिक इंटरनेटवर आहे, मराठीत आहे आणि सगळ्यांना फुकट. ज्या बायांवर लेख लिहायचा त्यांना तो वाचता आला पाहिजे, हा बाईंचा हट्ट. मी निवृत्तीनंतर त्याची मुद्रितं तपासतो. बरीच वर्षं त्याचा वाचक मी एकटाच होतो, असं म्हटलं की बाई रागावतात. पण दुसऱ्याचं नाव सांगत नाहीत.

मागच्या अंकात त्यांच्या विद्यार्थिनीचा, अक्षताचा लेख होता: बापाच्या जमिनीचं हक्कसोडपत्र भावाला लिहून न देणाऱ्या बहिणींवर. तीर्थपुरीच्या दैवशालेनं तिला सगळं सांगितलं होतं, गुपचूप वकील गाठल्याचंसुद्धा. लेखात नाव बदलून तिची 'शांता' केली. आमच्याकडे प्रत्येक लेख लेखिकेचं नाव झाकून दोन तज्ज्ञांकडे जातो. एका तज्ज्ञबाईंनी पुण्याहून शेरा मारला: शांता धूसर वाटते, तपशील वाढवा. अक्षतानं वाढवला. शांता पिठाची गिरणी चालवू लागली.

तीर्थपुरीत गिरणी चालवणारी बाई एकच. लेखिका कोण, हे मात्र आम्ही तज्ज्ञांना कळू दिलं नाही. त्या बाबतीत आम्ही कडक.

लेख निघाला आणि 'पात'ला वाचक मिळाले. पहिला दैवशालेचा भाऊ, रामप्रसाद. त्यानं लेख भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'कुणीही वाचावा, कुणालाही पाठवावा' असं आम्हीच प्रत्येक पानाखाली लिहितो. आमचं म्हणणं इतकं तंतोतंत पाळणारा माणूस पहिल्यांदाच भेटला.

मग त्यानं आईला, साळूबाईला, गिरणीच्या दारात आणून बसवलं. पोरगी सही करीपर्यंत म्हातारी पाणीसुद्धा घेईना.

हे कानावर आलं तशा बाई मला घेऊन निघाल्या. पोचलो तर दारात कुणी नव्हतं. दैवशाला आत जातं झाडत होती.

"दैवशाला, लेख आजच काढून टाकते," बाई म्हणाल्या.

"मायला नेलं त्यानं परवाच. सही झाली, मॅडम. आता काढून काय करता?"

"मला फोन तरी करायचा होतास."

"मंग तुम्ही काय केलं असतं? अजून एक लेख?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तू वाचला का तो?"

"वाचला की, काका. सोपा लिव्हलाय, बराबर कळला." तिनं झाडणी बाजूला ठेवली. "त्यातली बाई लई खमकी हाय. सही करतच न्हाई."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक ज्वारीचा डबा घेऊन आलं. दैवशालेनं मोटार सुरू केली. बाई तिला काहीतरी सांगत होत्या. मोटारीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि दैवशालेनं 'काय?' म्हणून विचारलं नाही.