माझ्या भात्यातलं भोक

१४ मे १९६१. अमरावतीत सकाळपासून कडक ऊन, वारा बंद.

मी घडीचा कॅमेरा बोलतोय. जन्म परदेशातला, पण आयुष्य गेलं राजापेठेतल्या किसनरावांच्या दुकानात. माझं पोट म्हणजे कातड्याचा भाता. तो ओढला की माझी काच पुढे येते, मिटला की मी पिशवीत मावतो. माणसं माझ्यासमोर श्वास रोखतात. मीही रोखतो, हे त्यांना ठाऊक नाही.

मग दोन काचांचा कॅमेरा दुकानात आला. तोही वापरलेलाच, पण माझ्याहून बराच तरुण. मी फळीवर गेलो. शेजारचा एक जुना कॅमेरा विकला गेला नाही, तेव्हा किसनरावांनी त्याची काच काढून घेतली. त्याचं रिकामं कवच अजून माझ्याजवळ आहे.

आज तेल्हाऱ्याचा धर्मपाल आला. त्याला गावात फोटोचा धंदा सुरू करायचा होता. मी किंवा दोन काचांचा, आम्हा दोघांतला एक तो नेणार होता. सोबत त्याची आई मनकर्णाबाई. उद्या नागपूरला त्यांच्या पोटाचं ऑपरेशन. त्यांचा आजवर एकही फोटो नव्हता, तो जाण्याआधी काढून घ्यायचा होता.

किसनरावांनी मला अंधाऱ्या खोलीत नेऊन पोटात बारका दिवा घातला. भात्याच्या एका घडीच्या कोपऱ्यात उजेडाचा ठिपका दिसला.

"हा नोको घेऊ, धर्मपाल. भाता फुटेल हाये. तो दोन काचांचा घे."

मनकर्णाबाईंनी विचारलं, "याच्या बापाचा फोटो कोन्या डब्यानं काढला होता, भाऊ?"

"यानंच."

छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माच्या दीक्षेला निघालेले धर्मपालचे वडील देवराव बडनेरा स्टेशनवर माझ्यासमोर उभे राहिले होते. पुढच्या वर्षी ते वारले.

"मंग मी यातच बसीन."

"माय, त्याले भोक हाये."

"उद्या डॉक्टर मले शिवनार, तुमी याले शिवा. आन् मी एकदाच बसीन. पुन्हा बस म्हनू नोका."

मला वाटलं, नको. त्या भोकातून ऊन शिरलं, तर त्यांचा चेहरा खाऊन टाकेल. आणि मला नाकारलं, तर शेजारच्याचं झालं तेच माझं. दोन्ही भीती एकाच पोटात होत्या.

किसनरावांनी छत्रीच्या काळ्या कापडाचा तुकडा खळीनं चिकटवला. खळ वाळायच्या आत मला अंगणात आणलं. भाता ओढताना तुकड्याचं टोक सुटलं. मला कळलं, त्यांना नाही. ओरडायला मला तोंड नाही.

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "डोये उघडेच ठेवू ना?"

"उघडेच ठेवा, बाई."

आत कुणी ओळखीचं बसलंय, अशा त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. कळ दाबली गेली.

वाचणाऱ्यांनो, जुनं यंत्र मायेनं हातात घ्याल, तेव्हा त्याचं पोटही दिवा लावून बघा. आणि पाहिलेलं भोक विसरू नका.

दुपारी फोटो धुतला. चेहरा आला, डोळे उघडे आले. डावा खांदा आणि हात भोकातून शिरलेल्या उन्हानं पांढरे पडले. धर्मपालनं दोन काचांचा कॅमेरा घेतला. संध्याकाळच्या गाडीनं मायलेक नागपूरला गेले. किसनरावांनी माझी काच काढली.